मुशीला बेंबी असते

कराडच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘बाजारात येणारी हातभर मुशी म्हणजे शार्कची पिल्लंच ना? मग ती पकडतात कशाला?’

कोकणातून घाट चढून येणाऱ्या या मुशीची सर्रास सापडणारी जात म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. साताऱ्या-सांगलीत प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या जुन्या मंडळींना हे नाव ऐकताच फॉर्मॅलिनचा वास येईल. तिच्या कवटीतल्या नसा न तोडता सोडवून दाखवणं ही प्रॅक्टिकलची खरी कसोटी असे. देशभरच्या कॉलेजांत ही मुशी पोहोचली त्यात ई. एम. थिल्लयंपलम या प्राध्यापिकेच्या 1928 च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. लखनौच्या के. एन. बहल यांनी संपादित केलेल्या मालेतलं हे पुस्तक. विच्छेदन केलेल्यांपैकी कितीजणांना बाईंचं नाव ठाऊक होतं, कोण जाणे!

ही मुशी जेमतेम 35 सेंटिमीटरची झाली की वयात येते. त्याला एक-दोन वर्षं पुरतात. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. म्हणजे तुमच्या पिशवीतली हातभर मुशी पिल्लू नसून दोन-तीनदा व्यालेली आई असू शकते. पण खवल्या हातोडामुशीचं (स्कॅलप्ड हॅमरहेड शार्कचं) पिल्लू जन्मतःच 40 ते 55 सेंटिमीटरचं असतं. एकाच टोपलीत, एकाच मापाच्या दोन मुश्या: एक पोक्त बाई, दुसरी कालची जन्मलेली. कोळंबीसाठी ओढलेल्या ट्रॉलच्या जाळ्याला हा फरक कळत नाही. वजनकाट्यालाही नाही. म्हणूनच ‘यंदा मुशीचं उत्पादन इतके टन’ या आकड्यावरून समुद्रातल्या मुशीचं बरं चाललंय की वाईट, हे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

फरक ओळखायचा कसा? हातोड्यासारखं डोकं तर दिसतंच; पण डोकं उडवलेलं असेल तर पोट पाहा. छातीच्या दोन परांच्या मधे नाळ तुटल्याची खूण असते, म्हणजेच बेंबी. नवजात पिल्लाची ती भरून आलेली नसते. हो, बऱ्याच मुश्या अंडी घालत नाहीत, काही तर नाळेवर पिल्लं वाढवतात. आणि या बाबतीत आपल्या साध्यासुध्या स्कोलिओडॉनने कमाल केली आहे. तिचं अंडं एखाद्या मिलिमीटरचं, शार्कांमध्ये सर्वांत लहान. पिवळा बलक जवळजवळ नाहीच, सगळी भिस्त आईच्या वारेवर. त्यातून 12 ते 15 सेंटिमीटरची डझनभर पिल्लं निघतात. जॉन वूर्म्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1993 मध्ये या वारेवर लिहिलं आणि ती जगाच्या नजरेत भरली. पण मुंबईच्या मत्स्यखात्यातले एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी याच मुशीचं वर्णन, राहणी आणि गर्भाची वाढ 1948 मध्येच छापून ठेवली होती. पुढच्या वर्षी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मुश्या-पाकटांच्या विणीवर त्यांचा आणखी एक लेख आला. आज मालवणच्या बंदरावर टेप घेऊन लांबी मोजणारी, मादीच्या पोटातली पिल्लं टिपून घेणारी मुलं याच वाटेने चालली आहेत. सारंगधरांवर मराठीत चार ओळीही सहजी सापडू नयेत, याचं मला वाईट वाटतं.

लांबी मोजता येते. वय मात्र अवघड. आपल्याकडे गुरांच्या बाजारात खालचा ओठ ओढून दात पाहिले की आदत, दुसा, चौसा हे कळतं. मुशीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, तेव्हा ती सोय नाही. हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. उरतो मणका. त्यात चुना साठून वलयं पडतात, ती कापून मोजायची. पण वलय वर्षाला एक की दोन? खवल्या हातोडामुशीच्या बाबतीत तैवानच्या संशोधकांनी 1990 मध्ये दोन धरली. मादी चार वर्षांत वयात येते असं उत्तर निघालं. मेक्सिकोच्या आखातातल्या अभ्यासाने एक धरलं. उत्तर पंधरा वर्षं! मासा तोच, गणित तेच, फक्त गृहीतक वेगळं. वलयांवरून काढलेलं वय छापताना त्यामागचं गृहीतकही छापायला हवं, ते वर्तमानपत्रात सहसा गळतं. 

देवमुशीचा (व्हेल शार्कचा) असाच वाद 2020 मध्ये बराचसा मिटला, तोही अणुबॉम्बमुळे. शीतयुद्धातल्या चाचण्यांनी हवेत आणि समुद्रात उधळलेला किरणोत्सारी कार्बन मणक्यांतल्या वलयांत सापडला आणि वलय वर्षाला एकच पडतं हे ठरलं. त्यातला पाकिस्तानात जपून ठेवलेला एक नमुना, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राचा शेजारी, 50 वर्षांचा निघाला.

हातोडामुशीची मादी चार वर्षांत वयात येते की पंधरा, यावर सारं अवलंबून आहे. रेडी पहिल्या वेताआधीच विकत गेलात तर गोठा किती वर्षं टिकेल? स्कोलिओडॉनची रेडी एक-दोन वर्षांत म्हैस होते, म्हणून इतकी जाळी ओढूनही ती अजून टिकून आहे, तरी आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटसमीप’ आहेच. हातोडामुशीची मादी दोन मीटरच्या पुढे गेल्यावर विते. ती त्याच यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. लहानपणी जाळ्यात आलेल्या पिल्लाची भरपाई मोठी मादी जास्त विऊन करू शकत नाही.

मग सोडून द्यायची? महाराष्ट्रात 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. देवमुशीसाठी हे उत्तमच. पाकटासारखे तळाशी बसणारे मासे डोळ्यामागच्या छिद्रातून पाणी ओढून श्वास घेतात, ते जाळ्यातही बराच वेळ तग धरतात. हातोडामुशीला मात्र पोहत राहिल्याशिवाय कल्ल्यांना पुरेसं पाणी मिळत नाही. जाळ्यात अडकली की ती फार लवकर मरते. तिच्या पिल्लांसाठी जाळं कापण्यात अर्थ नाही, ती जिथे जन्मतात तिथे त्या महिन्यांत जाळं पडता कामा नये. आणि त्या जागा, ते महिने सारंगधरांच्याच पद्धतीने सापडतील: बंदरावर बसून, बेंब्या तपासत.