बदललेला पाऊस, तलावाचा सांडवा आणि इंजिनियराचें काम

हवामानबदलाविषयीं सभा-परिषदांतून पुष्कळ बोललें जातें. परंतु तो आपल्या बांधीपर्यंत येऊन पोहोंचला आहे, हें शेतकरी बंधूंस निराळें सांगावयास नको. रोवणीच्या वेळीं पऱ्हे पिवळे पडेपर्यंत पावसाची वाट पाहावी, आणि धान निसवण्याच्या सुमारास एका रात्रीच्या पावसानें धुरे वाहून जावे, असा अनुभव आपणांपैकीं अनेकांनीं घेतला असेल. या संकटांत इंजिनियर आपल्या कोणत्या उपयोगीं पडतो, आणि त्याचें काम आपणांवांचून कोठें अडतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम कारण पाहूं. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कर्बवायु वाढतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. हा वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली कीं तिच्यांत सुमारे 7 टक्के अधिक वाफ मावते, आणि अशी भरलेली हवा रिती होऊं लागली म्हणजे पाऊस एकदम कोसळतो. आपल्याकडे वर्षास सुमारे 50 इंच पाऊस पडतो. ही बेरीज कायम राहूनहि तो थोड्या दिवसांत पडला व मधले खंड लांबले, तर पूर आणि दुष्काळ एकाच हंगामांत भोगावे लागतात.

या दोहोंवर आपल्या पूर्वजांनीं तलाव हा उपाय योजिला होता. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजानें हें काम केलें. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, अशी परंपरा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे मामा तलाव हजारोंनीं आहेत. त्यांच्या बांधणाऱ्यांजवळ आजचीं यंत्रें नव्हतीं. परंतु पाणी कोठून उतरतें व कोठें थांबतें, हें त्यांस पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक होतें. 1951 सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. मालगुजाराबरोबर पाळीवर दरसाल माती टाकून घेणारा मनुष्यहि गेला. शिवाय सांडव्याचा हिशेब त्या काळच्या पावसाचा होता. पाऊस बदलला, सांडवा तोच राहिला.

याचा परिणाम उदाहरणानें स्पष्ट होईल. एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. समजा, एका तलावाकडे 500 एकर रानाचें पाणी उतरतें. दिवसांत 4 इंच पाऊस झाला व त्यांतील निम्में पाणी वाहून आलें, तर 10 कोटी लिटर पाणी येईल. आतां 8 इंच पाऊस पडला असें धरा. भिजलेली जमीन अधिक पाणी पीत नाहीं. म्हणून निम्म्याऐवजीं तीन चतुर्थांश पाणी वाहून आलें, तर 30 कोटी लिटर झालें. पाऊस दुप्पट, पण येणारें पाणी तिप्पट! तलाव आधींच भरलेला असेल, तर हें सर्व सांडव्यावरूनच जावयाचें.

सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याची जाडी दुप्पट झाली, तर पाणी सुमारे पावणेतीनपट जातें, असा जलशास्त्राचा नियम आहे. म्हणून तिप्पट पाणी जाण्यास जाडी दुपटीहून थोडी अधिक लागते. पूर्वीं दीड फूट पाणी वाहत असेल, तर आतां तीन फुटांहून अधिक वाहील. पाळीचा माथा सांडव्यापासून तीनच फूट उंच असेल, तर पाणी पाळीवरून जाईल. आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलें कीं ती फुटण्यास वेळ लागत नाहीं. पाणलोट मोजून सांडवा किती रुंद व पाळ किती उंच हवी हें ठरविणें, हें इंजिनियराचें पहिलें काम होय.

येथें आपलीहि एक चूक सांगितली पाहिजे. खंड पडेल या भीतीनें सांडव्यावर दगड किंवा वाळूचीं पोतीं रचून पाणी अडविण्याची रीत अनेक गांवीं आहे. शेवटच्या बांधीवाल्याची गरज खरी असते; पण त्या पोत्यांनीं सर्व गांवाची पाळ धोक्यांत येते. हाच पेंच मोठ्या धरणांवर विश्वेश्वरय्या यांनीं सोडविला. त्यांनीं योजलेलीं आपोआप उघडणारीं दारें 1903 सालीं पुण्याजवळील खडकवासला येथें बसविण्यांत आलीं. धरण उंच न करितां अधिक पाणी साठूं लागलें, आणि पुराच्या वेळीं दारें आपणहून उघडून तें जाऊं लागलें. गांवच्या तलावास अशीं दारें परवडणार नाहींत. आपण सांडवा उंच करण्याऐवजीं गाळ काढावा. त्यासाठीं राज्यांत 2017 सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. मात्र पाळीच्या पायथ्याशीं खोदल्यास पाळ खचते, आणि तळाचा चिकण थर फोडल्यास पाणी मुरून जातें. म्हणून खोली इंजिनियरास विचारूनच ठरवावी.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीविषयीं. 2020 सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला. मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, संजय सरोवरांतून पाणी सोडण्यांत आलें, आणि भंडारा शहरांतहि पाणी शिरलें. मी तेव्हां महसुली नोकरींत होतों. नदीकांठच्या एका गांवचे पंचनामे माझ्या हातून एकत्र झाले: खातेदाराचें नांव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, नुकसान 33 टक्क्यांहून अधिक कीं कमी. कागद बिनचूक होते. पुढें एक तरुण इंजिनियर तेथील नाल्यावरील मोरीचें माप ठरविण्यास आला व त्यानें मला विचारलें, “पाणी कोठवर चढलें होतें, आणि किती तास राहिलें?” माझ्या कागदांत त्याचें उत्तर नव्हतें. शेवटीं एका म्हाताऱ्या बाईनें आपल्या गोठ्याच्या भिंतीवरील मळकट रेघ दाखविली, आणि त्या रेघेवरून त्यानें पातळी घेतली. इतकीं वर्षें कागद लिहून जी गोष्ट लिहावी असें मला सुचलें नाहीं, ती त्या बाईनें लक्षांत ठेविली होती.

इंजिनियराचें दुसरें काम रोगाचें मूळ कमी करण्याचें आहे. तिरोडा व मौदा येथील वीजकेंद्रें कोळशावर चालतात. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पंपांनीं हा भार कांहीं अंशीं हलका होईल. परंतु आपलें धानहि निर्दोष नाहीं. बांधींत सतत पाणी उभें राहिलें म्हणजे चिखलांत हवा राहत नाहीं, आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन वायु निघतो. तो कर्बवायूहून कितीतरी पट उष्णता धरितो. यावर फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें सांगितलेला उपाय सोपा आहे. छिद्रें पाडलेली नळी बांधींत पुरावी. तींतील पाणी जमिनीखालीं 15 सेंटिमीटर उतरलें म्हणजे पुन्हां पाणी द्यावें. धान फुलोऱ्यावर असतांना मात्र पाणी उभें ठेवावें. यानें मिथेन सुमारे निम्मा होतो व पाणीहि वांचतें. पण पुढची पाळी वेळेवर येईल अशी खात्री नसतां कोणता शेतकरी आपली बांधी सुकूं देईल? म्हणून तलावाचें दार व पाट दुरुस्त ठेवणें, हेंहि हवामानरक्षणाचेंच काम आहे.

आमच्या बपेऱ्याच्या पुलावरून बावनथडी ओलांडली कीं मध्यप्रदेश लागतो. वरच्या प्रदेशांत पडलेलें पाणी हद्द पाहून थांबत नाहीं. तेव्हां त्याची मोजणी करून वेळीच खालीं वर्दी पोहोंचविणें इंजिनियरांनींच साधावयाचें आहे. आपण आपल्या बाजूनें तीन गोष्टी कराव्या. पुराची उंची शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर तारखेसह रंगवून ठेवावी. पावसाचें माप गांवांत रोज घेऊन वहींत लिहावें. आणि निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढून ठेवाव्या. कारण तलावाच्या पाण्यावर कोणाचा कसा हक्क व वहिवाट आहे, हें इंजिनियरास नकाशावर दिसत नाहीं, तें या कागदांत पाहावें लागतें.

मी इंजिनियर नाहीं. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. परंतु चुकीच्या आंकड्यावर बरोबर हिशेब होत नाहीं, इतकें कारकुनीनें मला शिकविलें. आंकडा आपल्या गांवांत आहे. तो येत्या पावसाळ्यापासून लिहूं लागावें, अशी सर्व बंधूंस विनंति आहे.