कार्बोरेटरची नजर-आणेवारी

जुन्या मुलकी कारभारात पिकाची आणेवारी ठरवण्याचा एक शिरस्ता होता. तलाठी आणि गावातली चार जाणती मंडळी बांधावर उभी राहत, उभ्या पिकावरून नजर फिरवीत आणि पुरे पीक सोळा आणे धरले तर यंदाचे नऊ आणे की अकरा, हे ठरवून मोकळी होत. या अंदाजात चूक असे, परंतु ती फार मोठी नसे. आणि साखळी, दप्तर व कारकून यांच्यावाचून जिचे पान हलत नाही अशा मोजणीपेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडे. मोटारसायकलीच्या इंजिनात हवेशी पेट्रोलाचे प्रमाण जमवण्याचे काम कार्बोरेटरने पिढ्यानपिढ्या केले ते याच नजर-आणेवारीच्या रीतीने. अलीकडे त्याचे वतन खालसा होऊन त्या जागी फ्युएल इंजेक्शन हा मोजणी-कामगार नेमला गेला. जुना वतनदार इंजिन चालवण्यास नालायक ठरला म्हणून हे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. त्याच्या बरखास्तीचे खरे कारण इंजिनात नसून सायलेन्सरात आहे.

वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जाळायचे तर सुमारे १४.७ भाग हवा लागते. वजनाचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून असे म्हणू की एका लिटर पेट्रोलाला जवळजवळ ९००० लिटर हवा हवी. या हवेच्या वाटेत मुद्दाम केलेली खिंड म्हणजे कार्बोरेटर. रुंद खोऱ्यातून संथपणे येणारा वारा खिंडीत शिरताच जसा जोर धरतो, तशी नळीच्या निमुळत्या कंबरेत हवा वेग घेते, आणि वेग वाढला की तिचा दाब उतरतो. हे तत्त्व डॅनिएल बर्नुलीने १७३८ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि नळीची ती कंबर व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. खालच्या वाटीतल्या पेट्रोलावर मात्र बाहेरच्या वातावरणाचा पुरा दाब असतो. तेव्हा ‘इंजिन पेट्रोल ओढते’ असे आपण बोलत असलो, तरी वस्तुतः वातावरणच त्या पेट्रोलाला जेटच्या बारीक छिद्रातून वर ढकलीत असते. वाटीतली पातळी राखण्यास, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसलाच एक तरंगता फ्लोट. गाडी उभी असताना लागणाऱ्या चिमूटभर पेट्रोलासाठी पायलट जेट, भरधाव वेगासाठी मेन जेट आणि या दोहोंमधल्या अवस्थेसाठी अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वरखाली होणारी एक निमुळती सुई, एवढ्यावर सारा संसार. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका या जोडीने पेट्रोलाचा फवारा उडवणारे असे यंत्र सिद्ध केले, आणि त्यानंतरच्या शतकभरात त्यात ज्या सुधारणा झाल्या त्या तपशिलाच्या होत्या, तत्त्वाच्या नव्हत्या.

न विजेची गरज, न पंपाची. पेट्रोल आपल्या वजनाने टाकीतून उतरते आणि हवा आपल्या वेगाने त्याला बोलावते. इतक्या थोडक्या सामग्रीत इतके काम करणारी यंत्रे फार नाहीत, असे मला आजही वाटते. पण या यंत्राला डोळे नाहीत. हवा थंड आहे की तापलेली, विरळ आहे की दाट, इंजिन नुकतेच जागे झाले आहे की तासभर धावले आहे, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. पौषातल्या सकाळी थंड इंजिनात पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून जास्त पेट्रोल द्यावे लागे आणि गल्लीच्या टोकाशी तो आठवणीने आत ढकलावा लागे. म्हणजे मोजणीची निम्मी जबाबदारी गाडीच्या मालकावरच होती. चोक ओढलेलाच ठेवून ऑफिस गाठणारे आणि मग ‘अ‍ॅव्हरेज पडले’ म्हणून गॅरेजवाल्याशी हुज्जत घालणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या व्यवस्थेतली मेख निराळी सांगायला नको.

उंचीवर तर हा आंधळेपणा मापातच पकडता येतो. महाबळेश्वरी, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांवर, हवेची घनता सुमारे १३ टक्क्यांनी उतरते. हवा विरळ झाली की खिंडीतला दाबाचा फरकही उतरतो, परंतु त्यापोटी वर येणारे पेट्रोल त्याच प्रमाणात न घटता वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. परिणामी मिश्रण सुमारे ७ टक्के पेट्रोलाकडे झुकते, एवढेच. कोणाला जाणवणारही नाही. लडाखातल्या खारदुंग ला खिंडीत, ५३५९ मीटरांवर, हेच झुकते माप ३० टक्क्यांच्या घरात जाते. गाडी काळा धूर ओकते, प्लग काजळतो आणि प्राणवायूसाठी स्वतःच धापा टाकणारा स्वार स्क्रू-ड्रायव्हर काढून बसतो.

एवढे असूनही इंजिनाची हे अदमासाचे माप खपवून घेण्याची तयारी असते. मिश्रण थोडे इकडे-तिकडे झाले म्हणून गाडी थांबत नाही. मोठ्या मोटारसायकलींत कावासाकीने १९८० च्या सुमारास इंजेक्शन आणले. आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर इंजेक्शनसह बाजारात आली, आणि पुढल्याच वर्षी बजाजने पल्सर २२० मध्ये ते बसवले. परंतु २००९ मध्ये त्याच बजाजने पल्सर २२० पुन्हा कार्बोरेटरसह विकायला काढली, आणि ही परतलेली गाडी आधीच्या गाडीपेक्षा स्वस्त तर होतीच, शिवाय ताकदीनेही काकणभर सरस होती. नुसत्या ताकदीचा आणि किमतीचा दावा असता, तर निकाल त्या वर्षीच कार्बोरेटरच्या बाजूने लागला होता.

निकाल फिरवला तो सायलेन्सरातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने. मधमाशांच्या पोळ्यासारख्या त्याच्या घरांवर प्लॅटिनमच्या जातकुळीतल्या धातूंचा पातळ मुलामा असतो आणि कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन व नत्राची ऑक्साइडे या तिन्ही विषांना एकाच वेळी निवळवण्याचे काम त्याच्याकडे असते. पण यातल्या दोघांना ऑक्सिजन द्यायचा आणि तिसऱ्याकडून काढून घ्यायचा, असा हा परस्परविरोधी व्यवहार आहे. पेट्रोल जास्त झाले की पहिले दोघे सुटतात, हवा जास्त झाली की तिसरा. तिघांनाही एकदम धरायचे तर मिश्रण त्या १४.७ च्या जेमतेम एक टक्का आगेमागे राहावे लागते. बांधावरून नजर फिरवणाऱ्याला कोणी रतीमाशाचा हिशेब मागावा, तसा हा प्रकार.

हा मुलामा शिशाने व गंधकाने मारला जातो, म्हणून त्याच्याआधी इंधन सुधारावे लागले. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० पासून. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल देऊन पुढच्या पायऱ्या आखल्या, आणि यथावकाश पेट्रोलातल्या गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत १० भागांवर आले. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-६ या वाहनांच्या धुरावरील कडक नियमांसाठी १ एप्रिल २०२० ही मुदत कायम केली व त्या दिवसापासून त्यांत न बसणारे नवे वाहन विकता येईनासे झाले. नियमात कार्बोरेटरचे नाव घेऊन त्याला कोठेही हद्दपार केलेले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. २०२१ मधल्या पल्सर एनएस १२५ ला तर इलेक्ट्रॉनिक साह्य दिलेला कार्बोरेटरच होता. तो वतनदाराचा अखेरचा अर्ज म्हणावा.

नव्या अंमलदाराचे काम थोडक्यात सांगता येईल, कारण त्यात गूढ असे काही नाही. टाकीतला पंप पेट्रोलाला वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाने इंजेक्टरपर्यंत आणतो. हवेचा दाब व तापमान, इंजिनाची उष्णता, फेऱ्यांची गती आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती पिळली आहे, यांचे अहवाल ईसीयू नावाच्या पेटीत दाखल होतात. आणि इंजेक्टरने किती सहस्रांश सेकंद उघडे राहायचे याचा हुकूम ती पेटी सोडते. शंभर सीसीच्या इंजिनाला एका खेपेस जास्तीत जास्त आठेक मिलिग्रॅम पेट्रोल पुरते, आणि मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या गतीत अशा खेपा २५०० होतात. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या मिश्रणाची तपासणी करून चूक परत कळवतो. कार्बोरेटरजवळ नव्हती ती ही उलटतपासणी. मात्र या कचेरीचे सारे कामकाज विजेवर चालते. वरंध घाटात एका स्नेह्याच्या गाडीची बॅटरी बसली, तेव्हा आम्ही ती उतारावर पुष्कळ ढकलली. पंपच मुका असल्यावर ढकलून काय होणार, हे ध्यानात येईपर्यंत आम्ही तळाशी पोहोचलो होतो. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी दामटण्याची जुनी खोडही इथे महागात पडते, कारण पेट्रोलात बुडालेल्या पंपाला थंड ठेवण्याचे काम ते पेट्रोलच करीत असते.

आता पेट्रोलाच्या निवडीकडे येऊ. पंपावर महाग पेट्रोल घेणारा मनुष्य आपण गाडीला खुराक घालतो आहोत अशा मुद्रेने उभा असतो. परंतु ऑक्टेन हा आकडा उष्णतेचा नव्हे, धीराचा आहे. सिलिंडरात दाबले गेल्यावर ठिणगीची ज्योत पोहोचेपर्यंत आपोआप पेटायचे नाही, हा संयम ज्याच्या अंगी अधिक त्याचे ऑक्टेन अधिक. ज्याचे संपीडन-प्रमाण बारा-तेरा आहे अशा तिखट इंजिनाला तो लागतो, नाहीतर नॉकिंग सुरू होते. साध्या, नऊ-दहाच्या इंजिनाला ९१ ऑक्टेन पुरते आणि १०० चे पेट्रोल पाजले तरी त्याच्या चालीत फरक पडत नाही. आमच्या सोसायटीतले एक सद्गृहस्थ आठवड्यातून एकदा तसले पेट्रोल ‘सफाईसाठी’ भरतात. त्यांच्या श्रद्धेला मी धक्का लावलेला नाही.

खरा बदल निवडीवाचूनच आपल्या टाकीत आला आहे, आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रातला आहे. २००१ मध्ये पेट्रोलात ५ टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचा प्रयोग मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला या तीन ठिकाणी सुरू झाला. उसाच्या मळीचा मुलूख जवळ असल्यावर मिरजेची निवड झाली यात नवल नाही. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी, म्हणजे नवाला एक, एवढीच लागते, आणि लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलाच्या दोन-तृतीयांश भरते. जुन्या दुचाकींच्या इंधनक्षमतेत यामुळे ३ ते ४ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या साह्याने हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेते. कार्बोरेटरला मात्र पेट्रोल बदलल्याची खबरच नसते. तो जुन्याच मापाने देत राहतो आणि मिश्रण हवेकडे झुकते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी शोषून घेते, ते पाणी वाटीच्या तळाशी बसते; म्हणून पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी, हे उत्तम.

माझ्याजवळ १९९८ ची एक शंभर सीसीची मोटारसायकल अजून आहे. गेल्या हिवाळ्यात ती मूठ सोडताच फटफटू लागली आणि चढावर अडखळू लागली. मी प्लग, टायमिंग, कॉइल अशा शंका काढल्या. नारायण पेठेतला तरुण मेकॅनिक त्या ऐकून घेऊन म्हणाला, “काका, पेट्रोल बदललं ना आता, मग जेट तेच कसं चालेल?” त्याने मेन जेट एक माप मोठा घातला, मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले. गेलो तेव्हा त्याने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. आधी खडूसारखा पांढरा पडलेला तो प्लग आता फिकट चहाच्या रंगावर आला होता.

“चौदा आणे,” मी म्हणालो. त्याला ते काही कळले नाही. त्याने प्लग फडक्याने पुसला आणि परत बसवला.