दारासुरमच्या पायऱ्या आणि घरचे संगीत

कुंभकोणमपासून अवघ्या ४ किलोमीटरवर दारासुरम् आहे. दुसऱ्या राजराज चोळाने १२ व्या शतकात उभारलेल्या येथील ऐरावतेश्वर मंदिराला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नंदीजवळच्या बलिपीठाच्या छोट्या दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती आहे. आता त्यांच्याभोवती लोखंडी जाळी आहे. मी गेलो तेव्हा पायऱ्या मूक होत्या. परंतु सायंपूजेला नादस्वरम् आणि तविल सुरू झाले आणि सारा मंडप नादाने भरून गेला. नादस्वरम् घडविणारे नरसिंगमपेट्टै हे गाव याच परिसरातले. तेथील वाद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

तो नाद घरी ऐकता यावा, असा ध्यास घेऊन मी परतलो. नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. एका विक्रेत्याने सल्ला दिला, "साहेब, तुमचा डॅक बदला." त्याने ऐकविलेल्या उपकरणाची किंमत होती दीड लाख रुपये! दुकानात तो आवाज अप्रतिम वाटला. मुदत ठेव मोडण्याचा अर्जही मी लिहून ठेवला. तो वाचून सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "अहो, तुम्हांला फरक ऐकू येतो आहे, की किंमत?"

डॅक म्हणजे काय?

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. आकड्यांच्या रूपात साठविलेल्या संगीताचे विद्युतलहरीत रूपांतर करणारे हे साधन प्रत्येक मोबाइलमध्ये आणि दूरदर्शन संचातही असते. सीडीवर ध्वनिलहरीचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. या पायऱ्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. डॅकमधील गाळणी त्यांतून पुन्हा अखंड लहर उभी करते. उत्तम डॅकने स्वतःचे काहीही मिसळू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

सीडीची क्षमता सुमारे ९६ डेसिबलची आहे. आज दहा हजार रुपयांच्या आसपास मिळणारे कित्येक डॅक ११० डेसिबलहून अधिक स्वच्छ संकेत देतात. मग अधिक पैसे कशासाठी मोजायचे?

घरच्या घरी परीक्षा

विक्रेत्याने ते उपकरण चार दिवसांसाठी घरी दिले. प्रथम ऐकताना महागडा डॅक स्पष्टपणे सरस वाटला. मुलाने मल्टिमीटर लावला, तेव्हा उलगडा झाला. माझा जुना डॅक २ व्होल्ट देत होता, नवा ४ व्होल्ट. म्हणजे नवा ६ डेसिबलने मोठा वाजत होता, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. दोन्ही आवाज समान केल्यावर मुलाने माझ्या नजरेआड अदलाबदल करीत १६ वेळा ऐकविले. मी ९ वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवूनही एवढे यश मिळते. निदान १२ उत्तरे बरोबर आली असती, तर फरक ऐकू येतो असे म्हणता आले असते.

उपकरण परत गेले. अर्ज फाडला. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, जाड पडदे लावले, जमिनीवर सतरंजी अंथरली. हा फरक मात्र स्वयंपाकघरातूनही ओळखता आला!

खरेदीपूर्वी

आपणही डॅक घेणार असाल, तर पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात. संगणकासाठी यूएसबी, दूरदर्शन संचासाठी ऑप्टिकल, सीडी प्लेअरसाठी कोअ‍ॅक्सिअल, यांपैकी आपल्याला लागणारी जोडणी त्यात आहे का? हमीचा कालावधी किती आणि दुरुस्ती आपल्या शहरात होते का? उपकरण घरी नेऊन, आवाज समान करून ऐकता येईल का? साठीनंतर अतिउच्च स्वर कानाला कमी ऐकू येतात, हेही ध्यानात असावे. प्रथम स्पीकर व खोली, नंतर डॅक, हा क्रम राखावा. सुबक घडण आणि अधिक सोयी यांसाठी कुणी महाग उपकरण घेतले, तर त्यात गैर काही नाही; मात्र तो खर्च शिलकीतून व्हावा, उतारवयाच्या ठेवीतून नव्हे.

नादस्वरमचे सम्राट टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै १९५६ साली निवर्तले. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे मी त्याच जुन्या डॅकवर ऐकतो. त्यांतली खरखर जात नाही, आणि कोणत्याही किमतीचा डॅक मुद्रणात नसलेले काही आणू शकणार नाही. दारासुरमच्या पायऱ्यांचेही तसेच. दगडात स्वर असेल, तर साधा आघातही पुरतो. नसेल, तर सोन्याच्या हातोडीचाही उपयोग नाही.