आतून उघडणारे दार

अशी कल्पना करा, की तुमचा थोरला भाऊ जळगावच्या वसतिगृहात राहून शिकतो आहे. धुळ्याच्या घरी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यात भावाची टिपणे आणि घरची छायाचित्रे साठवली आहेत. मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. घरी असताना भाऊ फोनवरून ही टिपणे क्षणात उघडतो. जळगावहून मात्र काही केल्या ती उघडत नाहीत! असे का बरे होत असावे?

याचे उत्तर पत्त्यात आहे. धुळ्यातील गल्ल्यांना क्रमांक आहेत. गावात ‘गल्ली नंबर 4’ म्हटले की पुरते. पण जळगावच्या टपालपेटीत नुसते एवढेच लिहिलेले पत्र टाकले, तर ते पोचेल का? घरच्या संगणकाचा पत्ता असाच असतो. 192.168 ने सुरू होणारे पत्ते घरापुरतेच. असंख्य घरांत तेच ते वापरलेले असतात.

मग प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता का देत नाहीत? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ता 32 द्विमान अंकांचा असतो. 2 चा 32 वा घात म्हणजे 4,29,49,67,296. पत्ते एवढेच! त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्ये वाटले गेले. 128 अंकांची नवी पद्धत आली आहे. पण ती अजून सर्वत्र पोचलेली नाही. म्हणून पुष्कळदा अनेक घरांत मिळून एकच जाहीर पत्ता वापरतात.

घरातला राऊटर हा दारावरचा पहारेकरी. आतून बाहेर गेलेल्या निरोपाची तो नोंद ठेवतो आणि त्याचे उत्तर आले की आत सोडतो. न बोलावता आलेला निरोप तो दाराशीच अडवतो. वसतिगृहाच्या दारावरही असाच पहारा असतो.

गंमत अशी, की दोन्ही दारे आतून उघडतात! घरचा संगणक आणि भाऊ, दोघेही आपापल्या दारातून निघून वाटेत एरंडोलच्या बस स्थानकावर भेटले तर? नेमके हेच करतात. जाहीर पत्ता असलेला तिसरा संगणक मध्ये ठेवतात. घरचा संगणक आपण होऊन त्याच्याशी संपर्क साधतो आणि राऊटरने नोंद पुसू नये म्हणून अधूनमधून छोटा निरोप धाडत राहतो. भाऊही तेथेच येतो आणि दोघांची गाठ पडते. वीज जाऊन आली, तर हा संपर्क आपोआप पुन्हा जुळेल अशी सोय मात्र हवी.

आता वाटेत कोणी निरोप वाचला तर? फिनलंडमध्ये तातू इलोनेन यांनी 1995 साली एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यामुळे निरोप सांकेतिक रूपात जातात. किल्ली नसणाऱ्याला त्यांतले काहीच उमगत नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. भावासाठी उघडलेल्या वाटेने चोर किंवा संगणकातील विषाणूही येऊ शकतो, आणि वसतिगृहातील बंधने सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असतात. म्हणून आधी तेथील व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. ते नाही म्हणाले, तर सुटीत घरी जाईपर्यंत थांबावे.

आज घरी एक प्रयोग करा. फोनच्या वाय-फाय माहितीत आपला पत्ता शोधा आणि मित्राच्या घरच्या पत्त्याशी ताडून पाहा. काय आढळले?