प्रतिजैविकाची रक्तपातळी कशासाठी मोजतात?

अतिदक्षता विभागाच्या बिलात ‘व्हॅन्कोमायसिन ट्रफ लेव्हल’ अशी ओळ दिसली की अनेक कुटुंबे कागद घेऊन माझ्याकडे येतात. ही तपासणी खरोखर आवश्यक होती का, असे विचारतात. बहुतेक वेळा ती आवश्यकच असते.

घशाच्या साध्या संसर्गावरील गोळ्यांची पातळी कोणी मोजत नाही, कारण त्यांच्या गुणकारी आणि घातक मात्रांत पुष्कळ अंतर असते. व्हॅन्कोमायसिन, अ‍ॅमिकासिन आणि जेंटामायसिन या इंजेक्शनांत हे अंतर अरुंद आहे. ती मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे मंदावली, की औषध साचते आणि त्याच मूत्रपिंडांना इजा करते. अ‍ॅमिकासिन व जेंटामायसिन यांमुळे गेलेली श्रवणशक्ती तर सहसा परत येत नाही. उलट, मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या तरुणाची मूत्रपिंडे काही वेळा औषध नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकतात. मग पुस्तकातील मात्रा अपुरी पडते आणि जंतू तग धरतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा डायलिसिसवरील आजोबा यांच्याबाबत केवळ वजनावरून बांधलेला अंदाज असाच फसू शकतो.

या तपासणीत सारे महत्त्व वेळेला आहे. ‘ट्रफ’ म्हणजे पुढील मात्रेच्या अगदी आधीची, सर्वांत खालची पातळी. औषध नुकतेच संपले असताना रक्त घेतले तर आकडा फुगतो आणि मात्रा विनाकारण घटवली जाते. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी, एमआरएसए या चिवट जंतूच्या गंभीर संसर्गात, केवळ ट्रफवर विसंबण्याऐवजी चोवीस तासांतील एकूण औषध-संपर्क मोजण्यास सांगितले. त्यासाठी काही ठिकाणी दोन नमुने घेतात. रक्त दोनदा काढले म्हणून लगेच शंका घेऊ नये!

परळच्या केईएम रुग्णालयात औषधांची रक्तपातळी मोजण्याचे काम जुने आहे, विशेषतः अपस्मारावरील औषधांसाठी. नवी मुंबईतील लहान रुग्णालयांना मात्र नमुना बाहेर पाठवावा लागतो. अहवाल येईपर्यंत क्रिएटिनिन आणि लघवीचे प्रमाण यांवरच मात्रा ठरते. म्हणून रुग्णाचे खरे वजन, मूत्रपिंडाचा जुना विकार आणि घरी चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या दाखल होतानाच सांगाव्यात. उपचारादरम्यान कानात गुणगुण, कमी ऐकू येणे किंवा चालताना तोल जाणे जाणवले, तर पुढील इंजेक्शनापूर्वीच परिचारिकेला कळवावे.