कललेले झाड आणि कापाची निवड

झाड ‘पडते’ आणि झाड ‘पाडले’ जाते, हा भेद मूळ धातू व प्रयोजक धातू यांचा म्हणून आपण वर्गात शिकवितो. पडणे हे झाडाच्या भाराचे काम. पाडणे हे माणसाच्या योजनेचे. कललेल्या झाडाच्या बाबतीत पहिली क्रिया दुसरीच्या ताब्यातून केव्हा निसटेल याचा नेम नसतो. ती निसटू नये म्हणून कोणता काप केव्हा निवडावा, आणि त्या निवडीशी शब्दांच्या नेमकेपणाचा संबंध काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम सामान्य रीत पाहू. ज्या दिशेस झाड पाडावयाचे त्या बाजूस बुंध्यावर खाच घेतात. तिची खोली व्यासाच्या सुमारे एक चतुर्थांश असते. नंतर विरुद्ध बाजूने आडवा काप देतात. मात्र तो खाचेपर्यंत नेत नाहीत. मध्ये व्यासाच्या सुमारे १/१० जाडीची लाकडाची पट्टी राखतात. ती बिजागरीचे काम करते. झाड तिच्यावर वळत खाली येते व दिशा सुटत नाही.

कललेल्या खोडात कलाच्या बाजूचे तंतू दाबलेले आणि वरच्या बाजूचे ताणलेले असतात. शिवाय झाड स्वतःच या भारास तोंड देण्यासाठी वेगळ्या जातीचे लाकूड बनविते. रुंद पानांच्या द्विदल वृक्षांत ते सामान्यतः वरच्या, ताणाच्या बाजूस आढळते. चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत खालच्या, दाबाच्या बाजूस. आता पुढे कललेल्या झाडास सामान्य रीतीने मागून काप दिला, तर ताणलेले तंतू एकेक तुटत जातात. बिजागरी पुरेशी पातळ होण्यापूर्वीच झाड कोसळू लागते, वळू न शकल्याने खोड उभे चिरते, आणि चिरलेला मागचा भाग कापणाऱ्याच्या अंगावर उसळतो. इंग्रजीभाषक लाकूडतोडे या अपघातास ‘न्हाव्याची खुर्ची’ म्हणतात. नाव विनोदी असले तरी प्रसंग बहुधा प्राणघातक असतो.

यावर उपाय कापांचा क्रम बदलण्यात आहे. खाच नेहमीपेक्षा उथळ घ्यावी, कारण दाबाच्या बाजूस पाते अडकते. मग यांत्रिक करवतीचे पाते बिजागरीच्या मागे बाजूने आरपार घालावे, प्रथम बिजागरीची जाडी निश्चित करावी, आणि तेथून मागे कापत जावे. परंतु अगदी मागे लाकडाचा एक पट्टा अखंड ठेवावा. तोवर झाड जागचे हालत नाही. शेवटी एका बाजूस उभे राहून तो पट्टा बाहेरून कापला की झाड तयार बिजागरीवरून पडते. पाते आत घालताना टोकाच्या खालच्या भागाने आरंभ करावा. वरचा भाग लाकडास लागल्यास करवत उसळून अंगावर येते. खोड इतके बारीक असेल की पाते आरपार घालण्यास जागा नाही, तर दोन्ही बाजूंचे लाकूड आधी कापून मध्ये अरुंद भाग ठेवतात व तो मागून झटपट कापतात.

झाड मागे कललेले असेल, तर पाचरींचा उपयोग होतो. पण त्यास मर्यादा आहे. झाडाची उंची २४ मीटर आणि बिजागरीपासून पाचरीपर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर हे प्रमाण ६० होते. म्हणजे २ सेंटिमीटर उचल देणारी पाचर शेंड्यास सुमारे १.२ मीटर पुढे आणील. शेंडा त्याहून अधिक मागे असल्यास उंचावर बांधलेला दोर व ओढयंत्र हवे. तेही पुरेसे नसल्यास झाड वरून तुकड्यांनी उतरवावे. कल आडवा असेल, तर बिजागरी कलाच्या विरुद्ध, ताणाच्या बाजूस अधिक जाड ठेवतात.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. अशा एका सूचनापत्रकाचे मराठी भाषांतर तपासताना मला ‘मागच्या बाजूने कापावे’ हे वाक्य आढळले. कोणाच्या मागच्या? कापणाऱ्याच्या, कलाच्या, की पाडण्याच्या दिशेच्या? ‘पुढे’ व ‘मागे’ हे शब्द सापेक्ष आहेत. संदर्भबिंदू सांगितल्याशिवाय त्यांस अर्थ नाही. झाड कलाच्याच दिशेस पाडावयाचे असेल तेव्हा शेवटचे दोन अर्थ एक होतात आणि दोष झाकला जातो. कल आडवा किंवा उलट असताना ते फुटून निघतात, व वाचणारा चुकीच्या ठिकाणी उभा राहतो. म्हणून ‘कलाची बाजू’ आणि ‘पाडण्याची दिशा’ या दोन संज्ञा प्रत्येक वाक्यात वेगळ्या राखाव्यात, आणि ‘मागे’ याऐवजी ‘पाडण्याच्या दिशेच्या विरुद्ध बाजूस’ असे लांबलचक का होईना, पण लिहावे.

काप निवडण्यापूर्वीचा विचारही तितकाच स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे. खोड पोकळ वा कुजके आहे काय, जवळ विजेच्या तारा आहेत काय, पाडण्याच्या दिशेपासून तिरकस मागे सरण्याची वाट मोकळी आहे काय? महाराष्ट्रात १९६४ व १९७५ च्या कायद्यांनुसार वृक्षतोडीस परवानगी लागते काय, हेही आधी पाहावे. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संदिग्ध असेल, तर करवत सुरू करू नये. संदिग्ध वाक्य आपण पुन्हा लिहू शकतो. अर्धवट कापलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही.