अँटेना मोठा, रेंज तेवढीच

लेखमाला : बिनतारी शहर – लेखांक ६

नागपूरच्या ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ प्रकल्पाची २०१६ मध्ये घोषणा झाली, तेव्हा बातम्यांमध्ये आकड्यांची नुसती रेलचेल होती. १,२०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर, ३,८०० कॅमेरे, १०० डिजिटल किऑस्क आणि शहरभर १३६ वायफाय हॉटस्पॉट. काम एल अँड टी कंपनीकडे गेलं. जपानी गार्डन ते ऑरेंज सिटी हॉस्पिटल हा सहा किलोमीटरचा रस्ता ‘स्मार्ट स्ट्रिप’ म्हणून निवडला गेला. फायबरची तपशीलवार कथा मागच्या लेखांकात आली आहे. पण फायबर येतं ते खांबापर्यंतच. खांबापासून रस्त्यावरच्या माणसाच्या मोबाइलपर्यंतचे शेवटचे पन्नास-शंभर मीटर हवेतूनच कापायचे असतात. ते काम खांबावरचा एक डबा करतो. कागदावर त्याचं नाव अ‍ॅक्सेस पॉइंट, शिडीवर चढणाऱ्या पोरांच्या तोंडी नुसतं ‘एपी’.

ग्राहकाची तक्रार नेहमीची असते. ‘रेंज नाही येऊन राहिली भाऊ, मोठा अँटेना लावून द्या ना.’ दुकानात मोठा अँटेना मिळतो, बसवणारा तो बसवतो, पैसे घेतो आणि आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा येते. असं का होतं, हे समजायला डबा उघडावा लागतो.

आत मुख्य बोर्ड असतो, आणि बोर्डावर वेगळं खोचलेलं किंवा कायमचं जडवलेलं रेडिओ कार्ड. बोर्ड हिशेब सांभाळतो, कार्ड बोलतं आणि ऐकतं. दोन्ही वेगळे ठेवायची पद्धत जुनी आहे. सिस्को कंपनीच्या एअरोनेट १२०० या एपी-मालिकेत ५ गीगाहर्ट्झचं मॉड्यूल नंतर विकत घेऊन बसवता येई. त्या मॉड्यूलला अँटेनाची एक चपटी पट्टी होती. ती उभी केली की सिग्नल चौफेर जाई, डब्यावर दुमडली की एकाच बाजूला. २००७ च्या एअरोनेट १२५० मध्येही रेडिओ सुटे होते, कारण तेव्हा वायफायचं ८०२.११एन हे मानक मसुद्याच्या अवस्थेत होतं आणि पुढे काय बदलेल याचा भरवसा नव्हता. आता बहुतेक एपी सीलबंद येतात. तरी लहान इंटरनेट पुरवठादारांकडे लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचे उघडे बोर्ड अजून भेटतात. आरबी-४३३ या बोर्डावर तर मिनी-पीसीआय कार्डांसाठी चक्क तीन खाचा आहेत.

कार्ड बसवणं पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याच पाच मिनिटांत होतं. आधी वीज बंद. मग अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेवढी वीजही चिपला पुरते. कार्ड कडेला धरून खाचेत तिरपं सरकवायचं, सोनेरी दात पूर्ण आत गेले की हलकेच खाली दाबायचं. दोन्ही बाजूंच्या क्लिप टक्‌ करून बसतात.

खरी नाजूक गोष्ट पुढे आहे. कार्डावर मुगाच्या दाण्याहून लहान पितळी बटणं दिसतात, बहुधा यू.एफएल जातीची. त्यांवर पिगटेल, म्हणजे बोटभर लांबीची बारीक केबल, वरून सरळ दाबून बसवायची असते. तिरपी ओढली तर बटण कार्डावरून उपटून हातात येतं. हे कनेक्टर बनवणारी जपानी कंपनी हिरोसे त्यांना फक्त तीस वेळा जोडण्या-काढण्याची हमी देते. म्हणून ‘जरा काढून बघतो’ ही सवय इथे महागात पडते. कार्डाला दोन बटणं असतील तर दोन्ही पिगटेल हव्यात. एक मोकळं सोडलं की दोन धारांनी चालणारा रेडिओ एका धारेवर येतो, वेग निम्मा होतो आणि खापर पुरवठादाराच्या डोक्यावर फुटतं. अँटेना जोडण्याआधी कार्ड सुरूही करू नये. बाहेर पडायला वाट नसलेली शक्ती उलटून अ‍ॅम्प्लिफायरवरच येते.

पिगटेलचं दुसरं टोक डब्याच्या भिंतीतल्या कनेक्टरला मिळतं आणि इथे एक जागतिक गंमत नागपूरच्या गच्चीवर येऊन त्रास देते. घरगुती राउटरच्या अँटेनाची फिरकी आणि साध्या एसएमए केबलची फिरकी दिसायला सारखीच असते, आटेही बसतात. पण राउटरवर असतो आरपी-एसएमए. त्यात मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल केलेली असते. कारण अमेरिकी दूरसंचार आयोगाचा नियम : कलम १५.२०३ नुसार ग्राहकाला वाटेल तो अँटेना सहज जोडता येऊ नये, म्हणून कनेक्टर नेहमीपेक्षा वेगळा हवा. कंपन्यांनी पिन उलटी केली आणि नियम पाळला. थोड्याच दिवसांत उलट्या पिनचे अँटेनाही दुकानोदुकानी मिळू लागले, त्यामुळे नियमाचा हेतू फसला आणि घोळ मात्र जगभर उरला. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली केबल घट्ट बसते, फिरकी हाताला लागते, सिग्नल मात्र शून्य, कारण आत भोकासमोर भोक आहे. पिनेसमोर पिन आली तर दोन्ही वाकतात. विकत घेताना फिरकीच्या आत डोकावून बघायला दोन सेकंद लागतात.

आता मोठ्या अँटेनाकडे. अँटेना स्वतः एक थेंबही शक्ती निर्माण करत नाही, कार्डाने दिलेली शक्ती तो फक्त वळवतो. कणकेचा गोळा तेवढाच असतो, पोळी मोठी लाटली की पातळ होते. चौफेर म्हणजे ओम्नी अँटेनाचा डीबीआय, म्हणजे शक्ती एकवटण्याचं माप, जितका जास्त, तितकी त्याची लहर आडवी दूर जाते आणि वर-खाली आखडते. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर उंच ओम्नी उभारला की दोन गल्ल्या पलीकडे सिग्नल छान येतो, त्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा दुकानदार मात्र कोरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरातल्या राउटरच्या काड्या खोलीच्या दिशेने बंदुकीसारख्या रोखणारेही बरेच असतात. त्या काडीच्या टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही, जे निघतं ते तिच्या बाजूंनी. काडी उभी ठेवावी, एवढंच.

कायद्याचा आकडाही याच हिशेबात बसतो. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गीगाहर्ट्झची पट्टी परवानामुक्त केली, ती अटींवर : रेडिओची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॅटपर्यंत, आणि अँटेना इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरपेक्षा उंच नको. डेसिबलच्या मापात ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम. २५ डीबीएमचं कार्ड, जोडण्यांत १ डीबीची गळती आणि १२ डीबीआयचा अँटेना, बेरीज बरोबर ३६. त्याच कार्डाला २४ डीबीआयची जाळीदार डिश लावली तर बेरीज ४८ होते, म्हणजे डिशच्या नेमक्या समोर सुमारे ६३ वॅटचा प्रभाव. हे बेकायदा तर आहेच, शिवाय शेजारच्या दहा घरांचं वायफाय बसवून टाकणारंही आहे. डिश लावायचीच तर कार्डाची शक्ती तेवढी उतरवावी लागते. बसवणारे ते क्वचितच करतात.

५ गीगाहर्ट्झमध्ये बाहेरच्या वापराला पूर्वी फारच थोडी जागा होती. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले आणि गच्च्यांवरची गर्दी तिकडे सरकली.

गळतीचा मुद्दा तर सर्रास दुर्लक्षिला जातो. एपी खाली खोलीत, अँटेना वर गच्चीवर आणि मध्ये दहा मीटर आरजी-५८ केबल, ही रचना स्वस्त पडते म्हणून आवडते. त्या केबलमध्ये २.४ गीगाहर्ट्झवर शक्तीच्या दहा हिश्शांपैकी नऊ हिस्से वाटेतच जिरतात. जाडजूड एलएमआर-४०० वापरली तरी ५.८ गीगाहर्ट्झवर दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती जाते. उपाय जुनाच आहे : अख्खा डबा वर न्यायचा, अँटेनाला चिकटून बसवायचा आणि खालून नेटवर्क केबल पाठवायची. ती शंभर मीटरपर्यंत तक्रार करत नाही.

दोन इमारतींमध्ये लिंक जोडायची असेल तर समोरचं दिसलं पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नुसतं दिसून भागत नाही, हे कमी जणांना ठाऊक असतं. ५.८ गीगाहर्ट्झच्या एक किलोमीटरच्या लिंकला मध्यावर नजरेच्या रेषेभोवती सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येची मोकळीक लागते. वर्धा रोडवर मेट्रोचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल झाला, २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंदही झाली. असा काँक्रीटचा मजला दोन गच्च्यांच्या मधोमध आला की पूर्वीची लिंक गेलीच म्हणायची. झाडं त्याहून फसवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाची पानं गळलेली असताना जोडलेली लिंक झकास चालते. जुलैत पालवी भरते, पानं पावसाने भिजतात आणि ५ गीगाहर्ट्झची लहर त्यांत अडकते.

झाडांची हीच अडचण मेळघाटाच्या जंगलात शंभर पटींनी मोठी. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. तिथे मायक्रोसॉफ्टच्या मदतीने टीव्ही व्हाइट स्पेस हे तंत्र वापरलं गेलं. दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या वाहिन्यांवरून इंटरनेट पाठवायचं, ही त्यामागची कल्पना. कमी वारंवारितेची लहर सागाच्या जंगलातून वायफायपेक्षा कितीतरी चांगली सरकते. आयआयटी मुंबईच्या अभ्यासानुसार ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या होत्या. मात्र याला सुटा रेडिओ लागतो, वीतभर नव्हे तर हातभर लांबीचा अँटेना लागतो आणि मोबाइलशी बोलायला शेवटी वायफायचा एपी लागतोच. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालच्या जाहिरातीतला तरुणच सभेच्या मंचावर उभा केला आणि जाहिरातीतलं गाव प्रत्यक्षात नाही, असा आरोप केला. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते : खांबावर डबा चढवण्याची छायाचित्रं छापून येतात, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा कनेक्टर कोण उघडून बघतं, याची कधी बातमी होत नाही.

गावोगावी इंटरनेट पोचवू पाहणाऱ्या आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ चमूने पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत आधी व्हाइट स्पेसच वापरून पाहिलं. ती पट्टी परवानामुक्त झाली नाही, तेव्हा पुढच्या पंचवीस गावांसाठी ५.८ गीगाहर्ट्झकडे वळावं लागलं. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत १,२५,००० डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

नागपूरची स्वतःची खोडी म्हणजे ऊन. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तर ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. उन्हात ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचं काय होतं, याचा इतका जाहीर दाखला दुसरा नसेल. घरात वापरायच्या एपीला सहसा ४० अंशांपर्यंतच काम करायची हमी असते, बाहेरच्याला ६० ते ६५. पैसे वाचवायला घरातलाच एपी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून गच्चीवर टांगला की दुपारी बारा ते चार तो दर अर्ध्या तासाने बंद पडतो, संध्याकाळी मुकाट सुरू होतो आणि तंत्रज्ञ सकाळी तपासायला येतो तेव्हा सगळं ठीक असतं. पांढरा धातूचा डबा, टाकीच्या सावलीची उत्तर बाजू आणि मागे हवेला जागा, इतक्याने बरंच भागतं.

जूनमध्ये गाठ पाण्याशी. एन-टाइप कनेक्टरवर आधी साधी इन्सुलेशन टेप, तिच्यावर ताणून चिकटणारी रबर टेप, वरून पुन्हा साधी टेप. पहिला थर विसरला तर वर्षाने उघडताना चाकूने खरवडावं लागतं. केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, आत जात नाही. खांबाला वेगळं अर्थिंग आणि केबलवर सर्ज अरेस्टर हवाच. मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की अर्थिंग नसलेल्या गच्चीवरची कार्डं एकेक करून जातात. बाजूला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप उघडं ठेवून शिडी लावणारे तंत्रज्ञ आता दिसतात, ते शहाणपणाचं आहे.

संक्रांतीचं संकट वेगळं. बंदी असूनही नायलॉन मांजा येतोच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर स्वतःहून त्याची दखल घेतली. अँटेनाच्या आडव्या दांडीत अडकलेला पतंग पोरं खालून हिसके देऊन सोडवतात आणि डिश दोन-तीन अंशांनी फिरते. अरुंद झोताच्या लिंकला एवढं पुरे. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात क्लॅम्पचे नट तपासून अलाइनमेंट पुन्हा जुळवावी लागते : एकाने डिश केसभर हलवायची, दुसऱ्याने स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, आधी आडव्या दिशेने, मग उभ्या. दोन्ही टोकांना आडवी-उभी पोलारायझेशन सारखी आहे ना, तेही त्याच वेळी बघावं. ती उलटसुलट झाली तर शक्तीचा शंभरावा हिस्साच पोचतो, आणि माणूस दिवसभर डिश फिरवत बसतो.

खाली उतरल्यावर एक काम राहतं. सॉफ्टवेअरमध्ये देश ‘भारत’ निवडायचा आणि अँटेना गेनच्या रकान्यात नव्या अँटेनाचा खरा डीबीआय भरायचा, म्हणजे मर्यादा ओलांडली जात असेल तर बहुतेक यंत्रं आपली शक्ती आपोआप उतरवतात. जास्त शक्ती मिळावी म्हणून या रकान्यात शून्य भरण्याची एक चाल बाजारात चालते. तसं केलेल्या डब्याचा आवाज दूरवर पोचतो, पण मोबाइलचा क्षीण आवाज त्याला उलट ऐकू येत नाही. मग मोबाइलवर पाचही दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही.

(पुढील लेखांकात : नेटवर्क केबलमधूनच वर जाणारी वीज, म्हणजे पीओई.)